बैठकराव उठत नाहीत

कामाला जायचं म्हणजे कंबर कसायची, बाह्या सावरायच्या, घाम गाळायचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बैठकरावांचं तसं नव्हतं. ते कामावर जायचे आणि बसायचे. बसण्याचाच पगार घ्यायचे आणि तोही मान वर करून घ्यायचे.

कारखाना खुर्च्यांचा होता. एका दारानं लाकूड आत यायचं आणि दुसऱ्या दारानं खुर्च्या बाहेर पडायच्या. मधल्या वाटेवर कापणारे, रंधा मारणारे, ठोकणारे, पॉलिश फिरवणारे सगळे दिवसभर उभ्यानं राबायचे. शेवटी, खुर्ची पुठ्ठ्यात बांधून गाडीत चढवण्याआधी, तिच्यावर एकदा कुणीतरी बसून बघायचं. ते कुणीतरी म्हणजे बैठकराव. हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव काय, ते हजेरी घेणाऱ्यालाही क्षणभर डोकं खाजवल्याशिवाय आठवत नसे.

बसण्यात काय आहे, कुणीही बसेल, असं म्हणणारे पुष्कळ भेटत. बरोबरच होतं त्यांचं. बैठकरावांनाही ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी आपल्या बसण्याला थोडा थाट जोडून ठेवला होता. प्रत्येक खुर्चीवर ते तीनदा बसत आणि तिन्ही बैठकांना नावं होती. पहिली पाहुण्याची. म्हणजे अगदी कडेवर, अर्ध्या बुडानं, तोंडावर “चहा नको, निघतोच” असा भाव ठेवून. दुसरी सासूची. ही धपकन्, सगळं वजन एका दमात टाकून. बैठकरावांच्या सासूबाई एकदा दोन दिवसांसाठी म्हणून आल्या, त्या अशा बसल्या होत्या, आणि पुढं कित्येक महिने उठल्या नव्हत्या. तिसरी जावयाची. मागच्या दोन पायांवर रेलायचं आणि झोके घ्यायचे. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या घरी गेले असताना बैठकरावांनी असं झुलून त्यांची खुर्ची मोडली होती, तेव्हापासूनचं ते नाव.

प्रत्येक बैठक झाली की ते मोठ्यानं हाक देत, म्हणजे पलीकडे पुठ्ठे बांधणाऱ्या मावशींना कळे. “पाहुणा बसला!” की मावशी मान वर न करता म्हणत, “बसला!” “सासू बसली!” “बसली बाई एकदाची!” आणि एखादी खुर्ची करकरली की बैठकराव ओरडत, “सासू मोडली, परत पाठवा!” मग सुतारदादा येऊन ती दुरुस्तीला घेऊन जात. कारखान्यात याचं कुणालाच काही वाटत नसे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जरा घाम फुटे, एवढंच.

आणि मग थोरले मालक थकले. त्यांना मुलगा नव्हता, मुलगी होती आणि मुलीला नवरा होता. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. तो ग्रह कारखान्याच्या राशीला आला.

नवे साहेब तरुण होते, चकचकीत बूट घालत आणि त्यांच्या सगळ्या हालचालींत एक घाई असे. पहिल्या दिवशी त्यांनी ठरवलं की समोरच्या फाटकातून यायचं नाही, मागच्या दारानं गुपचूप शिरायचं, म्हणजे लोक खरोखर कसे वागतात ते दिसेल. कल्पना चांगली होती. फक्त मागच्या दाराशीच बैठकरावांची जागा होती आणि त्या क्षणी ते एका खुर्चीवर झुलत होते. खुर्ची करकरली.

“जावई मोडला!” बैठकराव ओरडले. “परत पाठवा!”

“काय झालं जावयाला?” मावशींनी पुठ्ठ्याआडून विचारलं.

“मागून ढिला आहे!”

“आणि पाय?”

“पाय वाकडे! दिसायला तेवढा चकाचक!”

“ठेवा बाजूला!” दुसऱ्या टोकाहून सुतारदादा गरजले. “हातोडीचे दोन दणके दिले की येतो वठणीवर!”

साहेब दारात उभे होते. त्यांनी एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग ते आले तसे मागच्या दारानं बाहेर गेले, फेरा घालून समोरच्या फाटकातून आत आले आणि फोरमनना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

फोरमन हा भला माणूस. पण भल्या माणसांनी खुलासे करू नयेत. “साहेब, तो जावई तुम्ही नव्हे,” ते म्हणाले. “आमच्याकडे रोज पुष्कळ जावई येतात. त्यातले थोडेच मोडतात. आणि साहेब, सासूही आहे. सासूला तर आम्ही…”

“बस!” साहेब म्हणाले.

फोरमन बसले. ते आणखीच वाईट दिसलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि शिस्तीवर भाषण दिलं. भाषणात बरंच काही होतं, पण जो नियम निघाला तो एकच. साहेब कामाच्या जागी आले की सगळ्यांनी उभं राहायचं. जो उभा राहणार नाही त्यानं दुसरीकडे काम बघायचं.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मावशींना राहवेना. त्या म्हणाल्या, “साहेब, आम्ही उभेच आहोत की. आता आणखी कसं उभं राहायचं?”

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. साऱ्या कारखान्यात बसणारा माणूस एकच होता. हुकूम सगळ्यांना होता, पण बसायचा तो एकाच्याच मानगुटीवर.

बैठकराव तणतणत घरी गेले. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात चार खुर्च्या, चारही कारखान्यानं नापास केलेल्या. एक पाहुण्याला चालायची, सासूला नाही. एकीवर डावीकडे कलूनच बसावं लागे. घरच्यांना त्याची सवय होती. आलेल्याला आधी बजावावं लागे.

बायको त्यांच्या मागोमाग आली. ती मोठ्या रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात विक्रीला होती. आली, कलत्या खुर्चीत सराईतपणे कलून बसली आणि समोरच्या स्टुलावर तिनं पाय ठेवले. पाय घोट्याशी सुजून वर आले होते. चपलेच्या पट्ट्याची खूण तशीच उमटलेली होती.

बैठकरावांनी सगळी कथा सांगितली. साहेबांची नक्कल करून दाखवली. बायको हसली नाही.

“मग उभे राहा ना,” ती म्हणाली.

“अगं, माझं कामच बसायचं आहे. मी उठलो की काम थांबलं. कामचुकारपणा होईल तो!”

“दोन मिनिटं साहेब येणार, दोन मिनिटं उभं राहायचं. त्यात काय कंबर मोडते का?”

“प्रश्न कंबरेचा नाही.”

“मग कशाचा?”

प्रश्न नेमका कशाचा होता ते त्यांच्या मनात होतं, पण तोंडाशी येत नव्हतं.

“आमच्या मालकीणबाई काय म्हणतात माहीत आहे?” बायको म्हणाली. “गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही, टेकायचंही नाही. टेकलेली बाई दिसली की दुकान झोपलेलं वाटतं म्हणे. मी ऐकतेच ना? सकाळी उभी राहते ती संध्याकाळी घरी येऊन बसते. आणि तुम्हाला दोन मिनिटं जड झाली. उद्या काम गेलं तर काय कराल? घरी बसाल? घरी बसण्याचा पगार कुणी देत नाही.”

घर दोघांच्या पगारावर चाललं होतं, एकाच्यावर चाललं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. बैठकरावांनी शब्द दिला. उद्या साहेब आले की उठेन. जेवणाआधी त्यांनी स्वयंपाकघरात उठण्याचा सरावही केला. बस, उठ, बस, उठ. प्रत्येक वेळी गुडघा कट्कन वाजे आणि बायको बाहेरच्या खोलीतून म्हणे, “छान. उद्या असंच.”

आता यात बैठकरावांचा दोष कुठं होता ते तुम्हीच ठरवा. साहेबांनी शिस्तीबरोबर काटकसरही आणली होती. हात असलेल्या खुर्च्यांची रुंदी त्यांनी कारखान्यात येण्याआधीच निरोप धाडून कमी करायला लावली होती, म्हणजे लाकूड वाचेल. त्या नव्या अरुंद खुर्च्यांची पहिली खेप दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकरावांपुढं आली. पाहुणा नीट बसला. मग बैठकरावांनी श्वास घेतला आणि सासूची बैठक मारली. धपकन्. गच्च.

त्याच वेळी साहेब आले.

बैठकराव शब्दाला जागणारे. ते तात्काळ उठले. आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

हुकूम तर तंतोतंत पाळला गेला होता, जरा जास्तच पाळला गेला होता. खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये कंबर अडकलेली, खुर्चीची पाठ त्यांच्या पाठीला आणि खुर्चीचे चार पाय मागे पसरलेले, असे बैठकराव ताठ उभे होते. तोंडावर पूर्ण आदर होता. पलीकडे मावशींनी पुठ्ठ्यात तोंड खुपसलं. पुठ्ठा हलू लागला.

“हे काय आहे?” साहेब म्हणाले.

“उभा आहे, साहेब.”

“खुर्ची खाली ठेवा!”

“तीच बघतोय कशी ठेवायची.” म्हणून बैठकराव मागे बघायला वळले. ते वळले की खुर्ची वळे. खुर्चीचे पाय पॉलिशच्या डब्याला लागले, डबा कलंडला आणि साहेबांच्या चकचकीत बुटांवरून तपकिरी पॉलिशचा ओघळ सावकाश खाली आला. बैठकरावांनी घाईनं माफी मागण्यासाठी लवून मान खाली घातली. त्यामुळे पाठीमागचे खुर्चीचे पाय वर गेले आणि टांगलेला दिवा झुलू लागला. आता मात्र कुणालाच आवरेना. फोरमनसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसले.

सुतारदादा आणि पॉलिशवाला धावले. एकानं खुर्ची धरली, एकानं बैठकराव धरले आणि दोघांनी दोन बाजूंना ओढलं. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.

“चेष्टा करता माझी?” साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. “सगळे घाम गाळतात आणि तुम्ही इथं बसून खाता! बसून खाणारी माणसं मला नकोत. सगळ्यांसमोर माफी मागा. उभ्यानं!”

बसून खातो. हा विनोद बैठकरावांनी आयुष्यभर ऐकला होता. थोरल्या भावाकडून, शेजाऱ्यांकडून, खुद्द सासूबाईंकडून. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी ते स्वतः हसले होते. आज त्यांना हसू आलं नाही. किती खुर्च्यांवर बसलो असेन मी, त्यांच्या मनात आलं. पाठीचा मणका कधीच गेला. आणि हा कालचा पोरगा मला ऐतखाऊ म्हणतो? त्यांचे कान गरम झाले. शेजारी रिकाम्या खुर्च्यांची रांग होती. त्यातली एक चांगली, रुंद, जुन्या मापाची त्यांनी पुढं ओढली आणि ते बसले.

“उठा,” साहेब म्हणाले.

“मी कामावर आहे, साहेब.”

“उठा म्हणतो ना!”

“उठत नाही.”

हसणं थांबलं. कुठंतरी एक करवत चालू होती, तीही थांबली.

“मग चालते व्हा! आजपासून तुमचं काम बंद!”

बैठकरावांनी यावर खरोखर विचार केला. “चालता होतो,” ते म्हणाले. “पण त्यासाठी उठावं लागेल.”

“मग उठा!”

“आता तुम्ही उठा म्हणालात. आता उठलो तर तुमचं ऐकल्यासारखं होईल.”

बोलण्यात कुठंतरी खोट होती हे साहेबांना कळत होतं, पण ती सापडत नव्हती. बैठकरावांची अवस्थाही फार बरी नव्हती. आपण काहीच्या बाही बोलून बसलोय हे त्यांना दिसत होतं. बायकोचे सुजलेले पाय आठवत होते, काल दिलेला शब्द आठवत होता. उठावं, दोन शब्द बोलून मोकळं व्हावं, असं मनात आलंही. पण बूड ऐकेना. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरलं, त्यानं आज असहकार पुकारला होता.

“उचला ह्यांना,” साहेब म्हणाले. “खुर्चीसकट. आणि ठेवा बाहेर नेऊन!”

मग सुतारदादा, पॉलिशवाला, फोरमन आणि फाटकावरचा रखवालदार अशा चौघांनी चार पाय धरले.

“राग मानू नका हं,” फोरमन पुटपुटले. “हुकूम आहे.”

“छे हो. पण डावी बाजू जरा वर घ्या, कलतंय.”

बैठकरावांची वरात फाटकाबाहेर पडली. तिथं रखवालदाराला आठवलं की फाटकासमोर काहीही ठेवायचं नाही, असा साहेबांचाच हुकूम आहे. मग वरात पुढं सरकली. औषधाच्या दुकानदारानं हात जोडले, म्हणाला, “माझी पायरी अडवू नका.” न्हावी म्हणाला, “दाढी करायची असेल तर आत आणा, नुसतं ठेवायला जागा नाही.” सुतारदादांना धाप लागली होती. ते खालून म्हणाले, “उतरता का जरा?”

“साहेब खिडकीतून बघताहेत का बघा.”

बघत होते. वळण येईपर्यंत बघत होते. वळण घेतल्यावर खरं तर उतरता आलं असतं. पण तोवर मागं बरीच गर्दी जमली होती आणि एवढ्या लोकांसमोर खाली उतरणं बैठकरावांना बरं दिसेना. शिवाय खरं सांगायचं तर उंचावरून रस्ता चांगला दिसत होता. एका ओळखीच्या माणसाला त्यांनी हातही केला.

मात्र हा मोठा रस्ता होता, आणि मोठ्या रस्त्यावर कापडाचं दुकान होतं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

बायको दारातल्या टेबलावर कापड मोजत होती. तिनं मान वर केली. तिला काय दिसलं? चार माणसं, त्यांच्या हातांवर आपला नवरा आणि मागून माना खाली घालून चालणारी गर्दी. माना खाली होत्या त्या खड्ड्यांमुळे, आणि चौघं गप्प होते ते धापेमुळे, पण हे तिला कसं कळावं? तिच्या हातातली कात्री खाली पडली. ती दारात आली. चौघांनी खुर्ची दुकानाच्या आतच टेकवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले.

“काय झालं यांना?” तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

“काही नाही हो वहिनी,” सुतारदादा श्वास घेत म्हणाले. “अगदी धडधाकट आहेत. फक्त नोकरी गेली.”

“फक्त?”

मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बैठकराव केविलवाणं हसले.

“उठा,” ती म्हणाली.

बैठकराव उठले. इतक्या झटकन उठले की गुडघा वाजायलाही वेळ मिळाला नाही. फोरमननी ते पाहिलं आणि उसासा टाकला. हेच तिकडे केलं असतं तर!

बायकोला आता फाडफाड बोलायचं होतं. सगळी वाक्यं तयार होती. पण मघाची भीती गुडघ्यांत उतरली होती आणि गुडघे लटपटू लागले होते. समोर रिकामी खुर्ची होती. ती बसली.

“अहो,” गल्ल्यावरून मालकीणबाईंचा आवाज आला. “दुकानात बसायचं नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग उठा.”

सगळे तिच्याकडे बघत होते. एक नोकरी गेली होती, आता दुसरी समोर जात होती. बैठकरावांनी घाईनं तिला हात दिला. “ऊठ गं, ऊठ, मी चुकलो, तू उगाच…” तिनं हात घेतला नाही.

“मालकीणबाई,” ती म्हणाली, “आधी वाटलं नवरा गेला. मग कळलं नोकरी गेली. आता पाय गेलेत. एका दिवसात एवढं गेल्यावर माणसाला थोडं बसू द्या.”

आवाज चढलेला नव्हता. ती भांडतही नव्हती. तिला फक्त उठायचं नव्हतं, आणि ते तिच्या बसण्यात दिसत होतं. बैठकरावांनी आयुष्यात बसणं पुष्कळ पाहिलं होतं, पण असं बसणं पहिल्यांदा पाहिलं.

गर्दीतली एक बाई म्हणाली, “बसू द्या हो. काय खाते का खुर्ची तुमचं दुकान?” दुसरी म्हणाली, “आत आलेच आहे तर पडद्याचं कापड दाखवा.” तिसऱ्या बाईला चादर हवी होती. दुकानात एवढी माणसं मालकीणबाईंनी एकत्र कधी पाहिली नव्हती. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं, आणि तोंड कडू करून म्हणाल्या, “बरं. आजच्या दिवस बसा.”

मालकीणबाईंचा तो आजचा दिवस अजून मावळलेला नाही. खुर्ची परत आणायला साहेबांनी रखवालदाराला पाठवलं होतं. तो आला, वहिनी बसलेल्या पाहिल्या, त्या “घेऊन जा की” म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. रखवालदारानं परत जाऊन सांगितलं, “साहेब, खुर्ची कामात आहे.”

कारखान्यात बैठकरावांच्या जागी कोण आलं, हे ऐकायची तुम्हाला उत्सुकता असेल. वाळूचं पोतं आलं. दोरीला बांधून ते खुर्चीवर सोडतात. पोतं छान बसतं, एकाही खुर्चीची तक्रार आलेली नाही. बैठकरावांच्या जाण्यानं कारखान्याचं काहीही अडलं नाही, आणि हे ऐकून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मात्र मावशी सांगतात, साहेब आले तरी पोतं उठत नाही. त्याला कुणी काही बोलत नाही.

बैठकराव काही आठवडे घरी बसले. बायको म्हणाली होती तसंच झालं, त्याचा पगार कुणी दिला नाही. महिनाअखेर दोघंही भाजीवाल्याची नजर चुकवून जाऊ लागली. त्याबद्दल बायको एका शब्दानं बोलली नाही, आणि ती बोलत नाही याचीच त्यांना भीती वाटू लागली. मग एक दिवस तीच म्हणाली, “दुकानात माणूस हवाय. मी बसून असते, वरच्या फळीवरचे तागे काढायला कुणी नाही. मी विचारलंय.”

“काम काय?”

“उभं राहायचं.”

पहिल्या दिवशी सकाळी बैठकरावांना मजा वाटली. ताज्या दमानं ते तागे काढत होते, उलगडत होते, घड्या घालत होते. बायको खुर्चीतून सांगे, “तो निळा. नाही, त्याच्या शेजारचा,” आणि ते शिडी चढत. दुपारनंतर टाचा बोलू लागल्या. मग पोटऱ्या. मग कंबर. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी हळूच टेबलाला कोपर लावलं.

“टेकायचं नाही,” मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या.

बैठकराव सरळ झाले. तोंडाशी एक सणसणीत उत्तर आलं होतं. तशी उत्तरं आता त्यांना येत होती. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघून कापडाच्या कडा जुळवत होती, जणू काही ऐकलंच नव्हतं. हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल? आणि मग संध्याकाळी घरी येऊन आपल्याकडून काय ऐकलं? साहेबांच्या नकला. दोन मिनिटांचं रडगाणं. बैठकरावांना एकदम लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांना एक तागा उगाचच उलगडावा लागला.

“अगं,” ते हळू आवाजात म्हणाले, “इतकी वर्षं तू हे… एकदा नीट सांगायचंस तरी.”

“सांगत होते की रोज,” ती म्हणाली. “तुम्ही बसलेले असायचात.”

मग तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं, आणि खुर्चीतून उठली.

“या, बसा थोडं. मी बघते मालकीणबाईंकडे.”

बैठकरावांचे डोळे खुर्चीवर गेले. जुन्या मापाची होती, रुंद, पाठीला नेमका आधार देणारी. साऱ्या अंगानं ते तिच्याकडे झुकले.

“नको,” ते म्हणाले. “तू बस. मला काही होत नाही.”

होत पुष्कळ होतं. ती बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग ते वरचा निळा तागा काढायला शिडीकडे गेले.